पाय खाली घ्यायची सवय

नायगावची आमची बीडीडी चाळ पाडायचं नक्की झालं, खोल्या रिकाम्या करायची तारीख लागली, आणि नेमकी त्याच सुमारास आई पॅसेजमधल्या ओल्या फरशीवर घसरून पडली. घोटा मोडला. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू बसले, पुढे प्लास्टरही निघालं. डॉक्टरांनी काठी धरून चालायला परवानगी दिली. सूज मात्र हटेना. संध्याकाळी पाय असा टम्म फुगायचा की घोटा चाचपून शोधावा लागे.

मी हिंदमाताजवळ सासरी राहते. चार कपडे घेऊन आईकडे राहायला आले आणि पहिल्याच दिवशी आमची जुंपली.

"मला खुर्चीत घालून खाली उतरवायचं नाही," आई म्हणाली. "ह्या खोलीत मी माप ओलांडून चालत आले, चालतच बाहेर जाणार. इथून उचलून कोणाला नेतात, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. आजीला तसंच नेलं होतं, बाबांनाही.

आणि चालत म्हणजे स्वतःच्या चपलेत. पडायच्या थोडं आधी दादरला हौसेने घेतलेली, पट्ट्याची. सुजलेल्या पायात जात होती फक्त माझ्या नवऱ्याची रबरी स्लीपर. "जावयाची स्लीपर घालून घर सोडू?" हे तिने अशा आवाजात विचारलं की मी ती मुकाट्याने पिशवीत कोंबली.

डॉक्टरांचं सांगणं साधं होतं. झोपून पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा. पंजा वर-खाली हलवत राहायचं. फडक्यात गुंडाळून बर्फ थोडा वेळ लावायचा. पाय लोंबकळत ठेवून बसायचं नाही. पोटरी दुखायला लागली तर लगेच यायचं. बस्स. पण डॉक्टरांनी आमची खोली कुठे पाहिली होती?

एका भिंतीला देव्हारा, तिकडे पाय करायचे नाहीत. दुसऱ्या भिंतीवर आजी आणि बाबा हारांमध्ये, तिकडे तर नाहीच नाही. तिसरी बाजू दक्षिण. उरला दरवाजा. मी वैतागून खाट ओढली आणि तिचे पाय दरवाज्याकडे केले.

दरवाजा सताड उघडा, कारण आमच्या चाळीत दिवसा दार लावलं की लोक काळजीने ठोठावतात. त्यात चाळ सुटणार म्हणून जो तो निरोप घ्यायला येत होता. पॅसेजमध्ये पावलं वाजली की आई सर्रकन पाय खाली घेई, साडी घोट्यावर ओढून उठून बसे. आलेल्या माणसाच्या तोंडासमोर तळपाय करून पडायचं? कोणी वडीलधारं असलं तर तासभर पाय लोंबकळत. येणारे पुन्हा आंबेहळदीचा लेप सुचवून, चहा पिऊन जात. मी कपबशा आपटत होते. "लोकांसमोर पाय खाली घेतेस आणि माझ्यावर कुरकुरतेस!" असं म्हटलं की ती भिंतीकडे तोंड करी. मग रात्री बसून चपलेत पाय घालून बघे. अर्धाच जाई.

तिचा तरी काय दोष? लहानपणापासून मी तिला इतरांच्या पायांशीच बघत आले होते. बाबा गिरणीतून दिवसभर उभे राहून येत, तेव्हा मोरीशी बादलीत कोमट मिठाचं पाणी तयार असे. रात्री ती आजीचे पाय चेपी, डोळे मिटत असले तरी हात चालूच. तिचे पाय कोणी चेपल्याचं मला आठवत नाही. मला तेव्हा त्यात काही विशेषही वाटलं नव्हतं.

एका दुपारी समोरच्या खोलीतल्या आजी आल्या. मजल्यावर सगळ्यांत मोठ्या, माझ्या आजीच्या मैत्रीण, आई त्यांना मावशी म्हणते; दोघींचं बोलणं मालवणीतच. आईने सवयीने पाय खाली घेतला. आजी दारातच थांबल्या.

"पाय खाली कित्याक घेतलंस गो? मी काय पावणी आसंय?"

त्या खाटेच्या टोकाशी बसल्या, मांडीवर उशा ठेवल्या, आणि आईचा पाय दोन्ही हातांनी उचलून उशांवर ठेवला. आई रडकुंडीला आली. "मावशी, ह्या काय करतास? माका पाप लागात!"

"सासूचे पाय चेपलंस, तां मी बघलंय. आता गप पडान ऱ्हव."

आई गप पडली. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

त्यानंतर आजी रोज दुपारी येऊन बसायच्या. खुद्द मजल्याच्या मोठ्या बाईच्या मांडीवर पाय असल्यावर आई तो आणखी कोणासाठी खाली घेणार? येणारेही बघून हसत आणि खाली बसून गप्पा मारत. सूज हळूहळू उतरू लागली. घोट्याचं हाड दिसलं तेव्हा दोघींनी मला हाक मारून दाखवलं.

खोली सोडायच्या दिवशी चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात लागला. थोडा काचत होता. तिने उंबऱ्याला हात लावला, मग आजींच्या पायाशी वाकली. मी धावले, पण आजींनी तिला आधीच धरलं होतं. मग कठडा धरून, एकेक पायरी, आई स्वतःच्या पायांनी खाली उतरली. आजी नातवाकडे डोंबिवलीला गेल्या.

आता आम्ही आईला परळला भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलंय. लिफ्ट आहे, फरशी कोरडी असते, दार बंद असतं. सोफ्यावर उशा रचून ती हवा तितका वेळ पाय वर ठेवू शकते. सूज जवळजवळ गेली.

परवा मी तिच्याकडे असताना बेल वाजली. आईने पटकन पाय खाली घेतला, साडी सारखी केली, केस नीट केले. शेजारच्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं होतं. मी दार लावून आले.

"कोणी नाही गं. ठेव पाय वर."

आई दाराकडे बघत राहिली.

"राहू दे थोडा वेळ खाली," ती म्हणाली. "येईल कोणीतरी."