आयर्लंडचा गुप्तहेर आणि बाईची सोयरीक

ब्रह्मपुरीला कॉलेजात होतो तेव्हा एका दुपारी व्हिडिओवर आयर्लंडचा पिक्चर पाहिला, खासगी गुप्तहेराचा. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो, म्हणून मित्रांनी अर्थ सांगायला मलाच पुढे बसवलं. ते लोक इंग्रजीच बोलताहेत, हे मला बराच वेळ कळलं नाही. तरी मी बिनधास्त ठोकून देत होतो. खून कोणी केला, मेलेली बाई शेवटी चहा कशी पिते, काही उमगलं नाही. एवढंच डोक्यात बसलं की हुशार माणूस आपण कशाला आलो ते कोणाला सांगत नाही.

त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीला स्थळ आलं. तिला मी बाई म्हणायचो. मुलगा वैनगंगेपलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावचा. आमच्याकडे चौकशी उघड असते. पानठेल्यावर बसून ‘सोयरिकीसाठी आलो’ म्हणायचं, मग गाव मुलाच्या आज्यापासून सुरू होतं. बाबांना ताप होता, म्हणून मी गेलो.

आणि मी शहाणा! कशासाठी आलो ते बोललोच नाही. मुलाचं नाव घेऊन सहज विचारल्यासारखं केलं, तो घरी कधी असतो, घरावरची नवी लाकडं कुठून आणली.

पानठेलेवाला चुना लावता लावता थांबला. “कोन? असा कोनी नाई बा इथी.”

विहिरीवर विचारलं, तिथंही तेच. एका म्हातारीने तर ‘तो कवाचाच गाव सोडून गेला’ म्हणून सांगितलं, आणि पाच मिनिटांपूर्वीच मी त्याला अंगणात बैल बांधताना पाहिलं होतं; स्थळासोबत आलेल्या फोटोतलाच तो. माझं डोकंच चालेना. गाव खोटं का बोलतंय? नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार! घरी येऊन तसंच सांगितलं. बाई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत निघून गेली. बाबांनी नकार कळवला.

वर्षभराने बाजारात तो पानठेलेवाला भेटला. मी खरं काय ते सांगितलं, तसा त्याने कपाळावर हात मारला.

“सोयरिकीवाले होते तुमी? मंग सांगाचं ना भाऊ! आमाले वाटलं जंगलखात्याचा मानूस हाये. एवढ्या चांगल्या पोराले कोन पकडून देते? यंदा लगन झालं त्याचं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो. बाई तांदूळ निवडत बसली होती. तिचं अजून कुठे जमलं नव्हतं. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं.

“साऱ्या गावाले इचारलं बाबू तू,” ती म्हणाली. “मले काऊन नाई इचारलं? मावशीच्या घरी पाह्यलं होतं मी त्याले. मले पसंत होता.”