डाव्या हाताकडचं बटण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. लेकीपाशी नाही, स्वामींपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला पाहिजे होतं ती तर आता ऐकायलाच नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला कागदावर लिहून सांगतो. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं बघून हे माझ्यानं झालं नसतं — तेवढी छाती माझी कधीच नव्हती.

मी चौथी शिकलेला माणूस. मुदखेडच्या जवळ आमचं गाव. बायको शिवकांता, तिला मी कांताच म्हणायचो. ती शाळेत गेलीच नाही. अंगठेबहाद्दर — हा शब्द मी तिला चारचौघांत लावायचो, हसून. तीही हसायची. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आता मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?

गोष्ट एका फोनची आहे. तुम्ही म्हणाल, बायको गेली आणि म्हातारा फोनचं काय घेऊन बसला. जरा दम धरा.

लेक संगीता लातूरला दिलेली. तिनं नवा फोन घेतला तवा जुना आईला आणून दिला. काचेला कोपऱ्यात तडा होता, पण चालत होता. माझा साधा बटणांचा फोन माझ्या खिशात असायचा. हा मोठा फोन कांताचा. तिला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून संगीतानं समोरच तीन चेहरे लावून दिले — स्वतःचा, माझा, आणि भोकरच्या महानंदाचा, म्हणजे कांताच्या थोरल्या बहिणीचा. चेहऱ्यावर बोट ठेवलं की फोन लागायचा. आवाजाचे निरोप कसे ऐकायचे, कसे धाडायचे, तेही शिकवलं. महिनाभरात कांता असा फोन चालवायला लागली की शेजारच्या बाया बघायला यायच्या. मला तर आलेला फोन धड उचलता येत नव्हता.

जाताना संगीतानं एक गोष्ट बजावली. मी तिथंच चहा पीत बसलो होतो, सगळं ऐकलं.

"माय, मधीमधी यात एक चौकोन येतंय. अपडेट आलंय, टाकू का म्हणून इचारतंय. ते टाकायचं न्हाई. फोन जुना हाय, त्याला पेलायचं न्हाई. खाली दोन बटणं असत्यात. तू लिंग कोणत्या हातात धरतीस?"

कांतानं हात पुढं केला.

"हां. ह्या हाताकडचं दाबायचं. दुसऱ्याला बोट लावायचं न्हाई."

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, पूजा करायची. कांताला डावं-उजवं विचारलं तर ती अडखळायची. पण लिंगाचा हात म्हटलं की झोपेतसुद्धा चुकली नसती. डाव्या बटणावर 'नंतर' असं लिहिलेलं असायचं, उजव्या बटणावर 'आता'. तिला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं — हे ध्यानात ठेवा.

वर्षभरानं महानंदा गेली. कावीळ झाली होती, आठ-दहा दिवसांत संपली. तिचे आवाजाचे निरोप तेवढे फोनात राहिले. दुपारची भांडी झाली की कांता भिंतीला टेकून बसायची आणि ते लावायची. एक तर मलाही पाठ झाला होता. "कांते, ऐकायलीस का गं? तूर भरडली. तुझ्या वाटणीची डाळ काढून ठेवली. येताना पिशवी आण, मागच्या खेपेसारखी विसरून येऊ नको." एवढंच. त्यात काही नव्हतं. पण कांता दर वेळी उत्तर द्यायची — "आणते माय, आणते."

मला ते बघवायचं नाही. खरं सांगू? वाईट वाटून नव्हे. जळायचो मी. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हिला काही विचारायचं झालं तर माझ्याकडं यायची. कागद आला, मी वाचायचो. बसची पाटी मी वाचायचो. आता ती त्या काचेकडं बघून बोलायची आणि मी बाजूला बसलेला तिला दिसायचोच नाही. त्यात एकदा पारावर आमच्या वयाचा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय आप्पा, फोन वहिनीच चालवत्यात म्हणं. मग तुमच्याकडं काय, चार्जिंग लावायचं काम व्हय?" सगळे खोखो हसले. मीही हसलो. पण ते माझ्या पोटात राहिलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी कांता शेजारी मुक्ताबाईकडं कुरडया घालायला गेली होती. फोन तिच्या जागेवर, भिंतीतल्या देवळीत, भस्माच्या डबीजवळ ठेवलेला. फोन टुणकन वाजला. मी उचलला. तोच चौकोन होता. 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे.' आवृत्ती म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण नवीन म्हणजे काय ते कळलं. खाली 'नंतर'. खाली 'आता'.

लेकीनं सांगितलेलं मला आठवत नव्हतं का? शब्दन् शब्द आठवत होतं. पण मला वाटलं — बाईमाणसाला भ्या घालायला सांगितलं असंल. मला वाटलं, ती यायच्या आत फोन नवा करून ठेवावा. मग म्हणावं, बघ, तुला जमलं असतं का? एवढ्यासाठी. एवढ्याशा गोष्टीसाठी मी उजव्या हाताकडचं बटण दाबलं.

एक गोल फिरायला लागला. मी बघत बसलो. फोन तापला. चार्जिंग कमी आहे असं मधी काहीतरी आलं म्हणून मी पिन लावली, आणि तेवढ्यात लाईट गेली. गोल फिरतच होता. मग काच काळी झाली. मी दाबलं, पुन्हा दाबलं. कंपनीची खूण यायची, थरथरायची, जायची. त्याच्यापुढं काही नाही.

मी काय केलं असंल? पदर नसलेल्या माणसानं तोंड कुठं लपवायचं — मी धोतराच्या सोग्यानं काच पुसली, फोन होता तसा देवळीत ठेवला, आणि गोठ्यात जाऊन म्हशीपुढचा कडबा उगाच हलवत बसलो.

कांता आली. थोड्या वेळानं तिची हाक आली, "आवो, हे बघा की, उठंना झालंय." मी आत गेलो. आणि जाता जाताच, अजून उंबरा ओलांडला नव्हता, माझ्या तोंडून निघालं, "काय दाबलीस?"

ठरवून म्हणालो नाही असं सांगून मी सुटत नाही. म्हणालो ते म्हणालो.

"मी कुठं काय दाबले? सकाळी आलतं ते चौकोन, तवा लिंगाच्या हाताकडचंच दाबले मी."

"तुला हातच कळंना झालेत आता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडला गेलो. दुकानातल्या माणसानं फोन उघडला, तार लावून बघितलं आणि विचारलं, "अपडेट अर्ध्यात बंद पडलंय. कुणी केलं हे?" मी अजून तोंड उघडलं नव्हतं — उघडणारच नव्हतो — तर कांता पुढं होऊन म्हणाली, "माझ्याच हातून झालंय बाबा." तो म्हणाला, सगळं पुसून पुन्हा भरावं लागंल. तिनं विचारलं, आवाज राहतील का? तो म्हणाला, "सगळं म्हंजे सगळं, मावशी."

तिथं एक बाकडं होतं. ती त्याच्यावर बसली. रडली नाही. आपले दोन्ही तळहात मांडीवर पालथे-उताणे करून बघत राहिली. ह्या हाताकडं बघायची, मग त्या हाताकडं. मी रस्त्यावरची रहदारी बघत उभा राहिलो.

यापेक्षाही वाईट पुढंच आहे. परत येताना बसमध्ये तिनं हळूच विचारलं, "मी नक्की काय केलं असंन हो?" तवा तरी बोलायचं की नाही? शेजारी शेजारी बसलो होतो, खांद्याला खांदा लागत होता. मी काय केलं — तिला सगळं रचून सांगितलं. सकाळची पूजा झाल्या झाल्या फोन घेतलास, लिंग अजून हातात होतं, घाईत दुसऱ्या हाताकडचं दाबलंस, मी बघितलं पण मला वाटलं तुला ठाऊक असंल. असं, जसं काही मी समोर बसून बघितलं होतं. ती ऐकत गेली आणि मान हलवत गेली. मुदखेड यायच्या आत तिला ते आठवायलासुद्धा लागलं. "हाव, घाईच झाली बघा," ती म्हणाली. "महानंदीला मीच पुसले."

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. संगीता येऊन गेली. आईवर एकदाच चिडली — माय, तुला एवढं बजावून सांगितलं व्हतं ना. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. लेकीनं पुन्हा चेहरे लावून दिले, आता दोनच, तिचा आणि माझा. पण कांतानं त्या काचेला परत बोट लावलं नाही. फोन वाजला की पदरात धरून, तव्यावरचं भांडं धरावं तसं, माझ्याकडं घेऊन पळत यायची. गोठ्यात असलो तर गोठ्यात, शेताकडच्या पांदीला असलो तर पांदीला. आलेला फोन उचलायचा तेवढं मी लेकीकडून शिकून घेतलं होतं; उचलून तिच्या कानाला लावायचो. पारावर मी सांगायचो — आमच्या घरचा फोन मीच चालवतो.

आणि सकाळी पूजेला बसली की लिंग तळहातावर घेण्याआधी ती थांबायची. हाताकडं बघायची. मला विचारायची, "हाच ना हो?" आठ वर्षांची होती तवापासून ज्या हातात लिंग धरलं, तो हात ती मला विचारायची. मी म्हणायचो, "हाव, तोच." दोन वर्षं, रोज. रोज मला वाटायचं, सांगावं. रोज म्हणायचो, नंतर.

गेल्या थंडीत म्हातारपणाच्या पगारासाठी हयातीचा दाखला द्यायला मी मुदखेडला गेलो. मी जिवंत आहे हे साहेबाला दाखवायला. सकाळी निघालो, दुपारी परतलो. कांता भिंतीला टेकून बसलेली होती. हाक मारली. जवळ गेलो. अंग गार पडलं होतं.

फोन तिच्या डाव्या हातात होता, पदराखाली. काच चालू केली तर दोघांचे चेहरे समोर — लेकीचा आणि माझा. पूजा करून उठली असावी, उजव्या हाताच्या बोटांना भस्म होतं, वाळलेलं. काचेवर भस्माचा एक ठिपका नव्हता. कळलं का तुम्हाला? देवळीपर्यंत उठून गेली. फोन घेतला. धरून बसली. बोट लावलं नाही. माझा फोन माझ्या खिशात होता, चालू होता, मी सगळा वेळ मुदखेडात होतो.

मुक्ताबाई म्हणाली, दहाच्या सुमारास दारातून बघितलं, फोन घेऊन बसली होती, मला वाटलं ऐकत बसली असंल. डॉक्टर म्हणाले, हार्ट. लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. लोक मला तेच समजावतात, सांगता येत नाही म्हणून. मला सांगता येतंय.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून समाधी देतात. खड्ड्यात एका बाजूला कोनाडा कोरतात, त्यात माणसाला मांडी घालून बसवतात. सकाळी भिंतीला टेकून बसली होती, तशीच तिला बसवली. स्वामी खाली उतरले. गळ्यातलं लिंग सोडलं, तिचा डावा हात उताणा केला, तळहातावर लिंग ठेवलं. बोटं मिटून घेतली. तिथं कुणी विचारलं नाही, हाच ना?

तेराव्याला संगीता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आप्पा, मायनं मला फोन का केला नसंल? माझा चेहरा तर समोरच व्हता. तवा मी चिडले व्हते त्याचा राग धरून बसली व्हती का ती?" मी म्हणालो, नाही गं, असं मनात आणू नको. आणि पुढं गप्प बसलो. म्हणजे आईवर घातलं ते आता लेकीवर घातलं. अजून फोन करते, अजून तेच विचारते.

हे कागद घेऊन मी लातूरला चाललो आहे. तिच्यापुढं ठेवीन आणि ती वाचेपर्यंत समोर बसेन. ती उठ म्हणाली तर उठेन.

कांताला हात कळत होते. मरेपर्यंत कळत होते. उजव्या हाताकडचं बटण मी दाबलं.