टाकीवरचा टवका

जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्यात सगळे वाकतात, पण माणसापुढे कोणी नाही. वाकायचं ते इंजिनावरचा नंबर वाचायला. मालकानं "सगळं ओरिजिनल" म्हटलं, की ऐकणाऱ्याची मान डोलते आणि डोळे मात्र खोट शोधत फिरतात. मीही त्यातलाच. गाडीखाली तेलाचा एक थेंबही सांडलेला नसला, तर मला आधी शंकाच येते.

त्या रविवारी मैदानात एक तरुण त्याची काळीभोर गाडी दाखवत होता. "बाबांनी विकली होती, मी शोधून परत आणली. त्यांच्या फोटोत आहे तशीच काळी करून घेतली."

मी चष्मा सावरून वाकलो. टाकीच्या झाकणाजवळ रंगाचा टवका उडाला होता आणि आतून हिरवा डोकावत होता. म्हणजे लष्कराच्या लिलावातली! बाबांच्या नावावर खपवतोय झालं.

तो चहा आणायला गेला. शेजारी खुर्चीवर त्याची आई बसली होती. टवक्यावरचा माझा अंगठा बघून ती हळूच म्हणाली, "आमची हिरवीच होती हो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्याला काळी वाटली. एवढ्या हौसेनं रंगवलीय, बोलू नका काही."

तो चहा घेऊन आला. "काय काका, पटली ना?"

त्याची नजर माझ्या हाताकडे वळली. मी टवक्यावरचा अंगठा उचलला नाही.

"सगळं ओरिजिनल," मी म्हणालो.