श्रीखंडाच्या डब्यातली बेडकी

आमच्या हॉलमधल्या फिशटँकचं झाकण कोणीही उघडतं. पाहुणे आले की आधी काचेवर टिचकी मारतात, मग बिस्किटाचा चुरा टाकतात, आणि मासे वर आले की आमच्याकडे बघून हसतात. टँक मी सांभाळते हे सगळ्यांना माहीत आहे. पाणी मी बदलते, फिल्टर मी धुते, तळाशी कुजलेला चुरा दुसऱ्या दिवशी मीच काढते. तरी मला विचारत कोणी नाही. मी फारशी बोलत नाही, म्हणजे माझी कशालाच हरकत नसते, असा आमच्या कराडच्या घरात समज आहे.

गप्पी आणि टेट्रा माशांच्या सोबतीला मी दोन बेडूक ठेवले होते. सांगलीला कॉलेजात असताना तिथल्या एका दुकानातून घेतले आणि एसटीत पिशवी मांडीवर धरून घरी आणले. बोटाच्या पेराएवढे. हा बेडूक जन्मभर पाण्यातच राहतो, फक्त श्वास घ्यायला क्षणभर वर येतो. त्याला नीट दिसत नाही. तो वासावर अन्न शोधतो, आणि त्याला ते सापडेपर्यंत माशांनी सगळं फस्त केलेलं असतं. त्यामुळे मी एका हाताने वर चमचा हलवून माशांना एका कोपऱ्यात गुंतवायचे आणि दुसऱ्या हाताने लांब ड्रॉपर खाली नेऊन बेडकांच्या नाकाशी अळ्या धरायचे. हे जमायला बराच काळ गेला. दोघांतली थोराड होती ती मादी. ती ड्रॉपरचं टोकच तोंडात धरून ओढायची. नर बारका. तो संध्याकाळी पाण्याखालून गुणगुणायचा, उशीखाली मोबाईल थरथरावा तसा. ती जवळ गेली की गप्प व्हायचा.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी माझे थोरले चुलते आले. फौजेतून निवृत्त होऊन ते आटपाडीकडच्या आमच्या मूळ गावी राहतात. मी चहा दिला. त्यांनी बशी हातात धरूनच टँकपाशी जाऊन बघितलं.

"ही बेडकं हायत व्हय गं?"

मी मान हलवली.

"बघा. आमच्या गावात विहिरी उकरून काढल्या तरी आवंदा धोंडीला बेडूक घावंना. आन् हितं हॉलमधी जोडीनं नांदत्यात."

वडील हसले. मीही हसले आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पाऊस लांबला की तिकडे धोंडी काढतात. एका मुलाला कडुलिंबाच्या पाल्याने मढवतात, मुसळाला फडक्यात बेडूक बांधतात, आणि दारोदारच्या बायका दोघांवर पाणी ओततात. हे मला माहीत होतं. तरी त्या बोलण्याची मला गंमतच वाटली.

खाली आले तेव्हा चुलते गेलेले होते. टँकचं झाकण उघडं होतं आणि ओट्यावर चहाची गाळणी ओली पडली होती, तिला शेवाळाचा एक धागा चिकटलेला. मी टँकमध्ये बघितलं. नर फिल्टरच्या मागे दडून बसला होता. मादी नव्हती.

"भाऊजींना दिली," आई म्हणाली. "बाबाच म्हणाले, घेऊन जा की, त्यात काय एवढं. श्रीखंडाचा डबा दिलाय मी. झाकणाला भोकं पाडलीत चांगली, तापल्या खिळ्यानं. गुदमरायला नको."

"पाणी?"

"ओलं फडकं घातलंय की."

टँक काठोकाठ भरलेला. आमच्याकडे नळाला कृष्णेचं पाणी येतं, दोन्ही वेळ. त्यातलं तांब्याभर पाणी डब्यात घालावं हे घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. भोकं मात्र आठवणीने पाडली.

मी कोणाला फोन करत नाही, मेसेज करते. त्या दिवशी चुलत्यांना फोन केला. गाडीचा आवाज येत होता.

"हाय की डब्यात," चुलते म्हणाले. "लय शांत हाय. हालत सुदिक न्हाई. गरीब जात."

मी म्हणाले, हा बेडूक पाण्याबाहेर जगत नाही, स्किन वाळली की मरतो. घाबरले की माझ्या मराठीत इंग्रजी येतं.

"इंग्लिश मीडियमचं बेडूक दिसतंय," ते हसले. "आगं, आमचं बेडूक ढेकळाखाली आठ-आठ म्हैनं झोपतंय. पाऊस पडला की उठतंय टुणकन. काय हुत न्हाई त्याला."

"काका, प्लीज, तिला कुठेतरी पाण्यात ठेवा."

ते अगदी मायेने म्हणाले, "बाळ, पाणी असतं तर धोंडी कशाला काढली असती?"

ते खरं बोलत होते, आणि त्यांच्या ओळखीचा बेडूक खरोखरच ढेकळाखाली जगतो. म्हणून त्यांच्यावरचा माझा राग कुठेतरी अडतो. वडिलांवरचा अडत नाही. त्यांनी दोन वर्षं रोज मला ड्रॉपर घेऊन त्या काचेपुढे उभं राहिलेलं बघितलं होतं.

दुपारनंतर घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पाल्यात झाकलेला मुलगा, हलगी, मुसळ, मुसळाला बांधलेली लाल फडक्याची पुरचुंडी. एका दारातली बाई कळशी न आणता पेलाभर पाणी आणते आणि तेही जपून, थेंबाथेंबाने ओतते. पुरचुंडीतून एक पाय बाहेर लोंबत होता, काडीसारखा सरळ. जिवंत बेडूक पाय असा सोडत नाही. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. आत्याने लिहिलं, "आपल्या कराडच्या ताईचं बेडूक, मान मिळाला." वडिलांनी अंगठ्याचा इमोजी टाकला.

त्या ग्रुपवर मी आजवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मी आधी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, मग खोडून देवनागरीत लिहिलं, म्हणजे कोणी चुकीचं वाचायला नको. "ती मेलेली आहे. वाटेतच मेली. ती माझी होती आणि मला कोणी विचारलं नाही."

चुलत्यांचा फोन आला, तो मी उचलला नाही. त्यांनी आईला सांगितलं, पोरीला म्हणावं, सांगलीत मिळत्यात न्हवं, दुसरं आणून देतो. वडील माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मोठ्या माणसांना असं चारचौघांत लिहितात? डिलीट कर."

"नाही."

"एका बेडकासाठी?"

"विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही ना?"

ते वळून हॉलमध्ये गेले. मेसेज अजून तिथेच आहे, त्याच्यावर आता लग्नपत्रिकांचे आणि बारशांचे फोटो साचलेत. टँकच्या झाकणावर मी एक जाड फरशी ठेवलीय. पाहुणे विचारतात, ही कशाला? मी म्हणते, कोणी उघडू नये म्हणून. एवढं मी आता बोलते.

नर आहे. संध्याकाळी गुणगुणतो, पूर्वीपेक्षा जास्त वेळ, कारण थांबायला काही निमित्त नाही. परवा वडील बातम्या बघत होते. त्यांनी मान वळवून विचारलं, "काय गं, फिल्टर बिघडलाय का?"

"नाही. तो तिला बोलावतोय," मी म्हणाले.

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.