मधल्या रेषेवरचे रघोत्तमराव

गोल कुठल्याही बाजूने होवो, रघोत्तमराव दोनच टाळ्या वाजवत. मैदानाच्या मधल्या रेषेवर घडीची खुर्ची टाकून बसत, म्हणजे कुठल्याच संघाच्या जवळ बसल्यासारखं होऊ नये. सामना संपला की हरलेल्यांशी आधी हात मिळवत, जिंकलेल्यांशी मग.

साताऱ्याहून बदली होऊन मी मद्रासला आलो तेव्हा ते आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकून प्रथम वाटलं, हा गृहस्थ जुन्या बखरीतून उठून आला आणि वाटेत तमिळ शिकला. माझ्या मराठीला ते ‘देशावरची घाई’ म्हणत.

कचेरीबाहेर ते शहरातल्या सहा क्लबांच्या एका फुटबॉल लीगचे सेक्रेटरी होते. सबंध देशाची एक लीग व्हावी आणि तिच्यात कुणी एक क्लब दादा नसावा, हे त्यांचं स्वप्न. आधी या सहा क्लबांत ते खरं करून दाखवायचं होतं. पण त्यांतला एक, शहरालगतच्या आवडी गावातल्या कारखान्याचा संघ, दरवर्षी विजेत्याची ढाल घेऊन जाई. “एकटाच जेवून उठतो, अस्के बघत बसतात. यास पंगत मणावें काय?” रघोत्तमराव म्हणत. ‘अस्के’ म्हणजे सगळे.

शेवटी त्यांनी कमिटीकडून नियम करून घेतला. ढाल जिंकणाऱ्याने आपले तीन खेळाडू चिठ्ठ्या टाकून इतरांना द्यायचे. पंगतीत तूप वाढावं तसे खेळाडू वाढायचे. कारखानेवाल्यांनी नियम वाचला आणि लीगच सोडली. त्या दिवशी रघोत्तमरावांनी मला कॉफी पाजली.

पुढचे दोन हंगाम उरलेले पाचही क्लब तोडीस तोड खेळले. कोण जिंकेल हे सांगता येत नव्हतं, आणि हळूहळू ते विचारणारंही कुणी उरलं नाही. भिंतीवर चढून फुकट बघणारे आधी गेले, मग तिकीटवाले. मैदान एका कॉलेजचं होतं. त्यांनी कळवलं, असंच ओस पडणार असेल तर जागा हॉकीला देऊ. लीग बुडणार हे दिसत होतं, आणि रघोत्तमराव लोकांना नावं ठेवत बसले होते.

एकदा मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या त्यांच्या घरी मी जेवायला होतो. शेजारच्या देवळात तेव्हा रोज संध्याकाळी रामकथेचं कालक्षेपम, म्हणजे आपलं कीर्तन, चालू होतं; कीर्तनकाराला तिकडे भागवतर म्हणत. त्यांच्या पत्नी तुळजाबाई ताक वाढता वाढता म्हणाल्या, “भागवतर पैल्या दिवशींच रावणास मारिला तर दुसऱ्या दिवशीं ऐकाया कोण येईल?”

 रघोत्तमरावांचं ताक तसंच राहिलं. रविवारी मला बरोबर घेऊन ते आगगाडीने आवडीला गेले. कारखान्याच्या मॅनेजरांनी अट घातली, आम्ही परत यायचं तर नियम मागे घ्या. “सरी,” म्हणजे ठीक, एवढंच रघोत्तमराव म्हणाले. आयुष्यभर जपलेलं मत त्यांनी एका शब्दात खाली ठेवलं. मला त्यांच्याकडे बघवेना. परतताना मी विचारलं, मग देशाच्या लीगचं काय?

“तीसही एक रावण पाहून ठेवावा लागेल.”

हे सांगताना ते हसले नाहीत.

परत आल्यावरचा पहिला सामना कारखानेवाले विरुद्ध तिरुवल्लिकेणीचा क्लब. भिंत पुन्हा भरली. कारखान्याने चार गोल केले. प्रत्येक गोलाला लोकांच्या शिव्या आणि रघोत्तमरावांच्या दोन टाळ्या मिळाल्या. सामना संपता संपता तिरुवल्लिकेणीने एक गोल केला आणि ढालच मिळाल्यासारखं मैदान उसळलं. त्या गोलाला रघोत्तमराव टाळ्या वाजवायचे विसरले. ते गर्दीकडे बघत होते. मला त्यांचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

कारखाना हरलेला बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पुढच्या वर्षी ते गेले. कारखान्याचा संघ अंत्ययात्रेला आला होता. सगळ्यांच्या मागे, ओळीने चालला.

त्यानंतर दोन-तीन हंगामांनी कारखाना हरला. लोक मैदानात नाचत होते. मी मधल्या रेषेवर उभा होतो. मान खाली घालून बाहेर पडणाऱ्या कारखानेवाल्यांशी मी आधी हात मिळवला आणि त्यांच्यासाठी दोन टाळ्या वाजवल्या. कारखानाच नसता तर नाचायला कोण आलं असतं?