मावशींचं वाकडं कोपर

बेकरीतल्या मावशींचे हात तीस वर्षं भट्टीसमोर चालत होते आणि हातांहून जास्त तोंड. एका सकाळी तापलेला ट्रे घसरला आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला भाजलं. जखम दीड महिन्यात भरली, पण व्रण जाड आणि लाल झाला. कोपर जे अर्धवट वाकलं, ते सरळ व्हायचं नाव घेईना. भट्टीच्या टोकापर्यंत हात पोचेना. मावशींचं तोंडसुद्धा बंद झालं, तेव्हा बेकरीचा मालकच त्यांना फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेला.

ती मुलीच्या वयाची बाई. तिने व्रणाला हात लावायला सांगितलं, तर मावशींनी मान फिरवली.

"भरली ना जखम? मग कशाला डिवचायची?"

"वरून भरलीय मावशी. आतले पदर चिकटून बसलेत. रोज थोडे थोडे सैल करायचे."

तिने मावशींचाच अंगठा व्रणावर ठेवला. क्रीम लावून छोटे गोल फिरवायचे, लाली क्षणभर उडेल इतकंच दाबायचं, दहा मिनिटं. मग हात ताणून तीस आकडे मोजायचे.

मावशींना घाई. तिसऱ्या दिवशी तासभर रगडून त्यांनी कातडी सोलून घेतली.

"मावशी, ही कणीक नाही," ती बाई कपाळाला हात लावून म्हणाली. सोललेली कातडी बरी होईपर्यंत मालीश बंद.

पुढे मावशींच्या नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. तो घड्याळं दुरुस्त करणारा, मितभाषी. दहा मिनिटं झाली की म्हणे, "पुरे." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, मावशींनी त्याचं ऐकायची ही पहिलीच वेळ. घड्याळाची काच बसवावी तशी तो त्या बाईने दिलेली, व्रण मऊ करणारी सिलिकॉनची पट्टी व्रणावर अलगद चिकटवायचा. मावशी त्याच्या बोटांकडे बघत बसायच्या. "एवढी हलकी बोटं आहेत, कधी सांगितलं नाहीत," एकदा म्हणाल्या. तो लाजला.

चार-पाच महिन्यांनी हात जवळजवळ सरळ झाला. व्रण फिकट झाला, गेला मात्र नाही. मावशींनी भट्टीच्या अगदी आतला ट्रे ओढून काढला आणि दिवसभर अखंड बोलल्या.

आता दर बुधवारी मावशी फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात जातात, नव्या रुग्णांना धीर द्यायला. तिथे एक धिप्पाड ट्रकचालक येतो, पोटावरच्या टाक्यांच्या व्रणाकडे बघायलाही घाबरणारा.

"डोळे मिटा हवं तर," मावशी त्याला सांगतात, "पण बोट ठेवा. आणि हळू. मी माझी कातडी सोलून घेतलीय, तुम्ही नका घेऊ."