जाळीतला पोपट

आमचे आतोबा जन्मभर एका प्रवासी कंपनीची बस चालवत होते. घुमटांची, मिनारांची, मशिदी-मकबऱ्यांची जुनी शहरं त्यांनी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा मी आरशात स्वतःचं तोंड पाहिलं नसेल. अर्थात माझं तोंड वारंवार पाहण्यासारखं नाही, हा भाग वेगळा. ‘पाहिली’ हा शब्दही मी हल्ली जरा जपूनच वापरतो.

माणूस उंच, वाळका. सीटवर बसून बसून अंगाला कायमचा कोन पडलेला, त्यामुळे उभे राहिले तरी ‘बसा की’ म्हणावंसं वाटे. घरात आत्या गरम भांडं घेऊन समोरून गेली, की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय जमिनीवर करकचून ब्रेक दाबायचा.

कंपनीत त्यांना सगळे ‘खांब’ म्हणत. प्रवासी उतरून गेले की बाकीचे चालक एकमेकांवर गाड्या सोपवून चहाला पळत. आतोबा जागचे हलत नसत. चालकाने गाडी सोडायची नाही, टपावर लोकांचं सामान असतं, हा कंपनीचा नियम. असे नियम भिंतीवर लावायला असतात, पाळायला नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

फेरी संपवून घरी आले, की मात्र या खांबाला वाचा फुटायची. आत्या खिडकीशी बसून एका दुकानाच्या शर्टांना काजं-बटणं करत असायची. तिने आमचं गाव ओलांडून पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. आधी सासूचं अंथरूण, मग हे शर्ट. आतोबा पाय पसरून सुरू करत, “मशीद कसली, खांबांचं जंगल आहे जंगल! पण शिस्तीचं. कुठंही उभी राहा, समोर सरळ वाट दिसते.” शेजारच्या बायका कामं टाकून ऐकायला येत. आत्या सुईवरून नजर न काढता प्रत्येक शहराबद्दल एकच प्रश्न विचारायची, “आत गारवा असतो का हो?”

“असतो की.”

पण सगळ्यांत लाडकी गोष्ट एका मकबऱ्याची. “घुमट आतून निळा. मान मोडेल पण निळेपणा संपणार नाही. आणि खिडकीला दगडाची जाळी, इतकी बारीक की कापडाची वाटावी. ऊन आलं की जमिनीवर उजेडाची फुलं पडतात. माणसं फुलांवरून चालतात बघ. आणि जाळीच्या मधोमध एवढासा दगडी पोपट.”

“दगडाला काजं केली म्हणा की!” आत्या म्हणायची. तिच्या तोंडून एवढी मोठी शाबासकी माझ्या ऐकण्यात दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही. ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगायला लावली की पुढे पुढे तीच चुका काढू लागली. “अहो, मागच्या वेळी पोपट उजवीकडे बघत होता!” आतोबा निमूटपणे पोपटाची मान वळवून घेत.

आतोबा निवृत्त झाले आणि आत्याचे डोळे अधू झाले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, “गेली ती नजर परत येणार नाही. उरलीय ती किती टिकेल, सांगता येत नाही.” आत्या दवाखान्याच्या पायरीवर थांबली आणि मला म्हणाली, “ठोंब्या, मला ती फुलं बघायचीत. बाकी जे पाहिलंय, त्यात काही राम नाही.” मी पन्नाशीला टेकलो, दोन मुलांचा बाप झालो, तरी तिच्या लेखी मी ठोंब्याच.

“मी नेतो,” मी म्हणालो. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. बायकोच्या डोळ्यांचं दुःख, असं मी समजलो. ठोंब्या हे नाव उगाच पडत नाही.

गाडी मी चालवली, म्हणजे माझे हात चालले. बाकी सगळं शेजारून आतोबा चालवत होते. “क्लचवर पाय ठेवून झोपायचं असेल तर घरी झोप.” “वळणावर कसली घाई? पलीकडे जावई वाट बघतोय का तुझा?” त्या शहरात शिरल्यावर त्यांनी एकदाही कुणाला न विचारता मला मकबऱ्याच्या वाहनतळावर नेलं. “त्या झाडाखाली लाव. दुपारी सावली इकडे फिरते.” नळ कुठे, पंक्चरवाला कुठे, सगळं पाठ. मग आम्ही उतरलो आणि ते तिथेच उभे राहिले. माझ्याकडे पाहत, जणू वाट मला ठाऊक असावी.

दाराशी पादत्राणं काढायची होती. आतोबा बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिले. “तुम्ही व्हा पुढे. मी गाडीजवळ...”

“गाडी काय पळून जाणारेय?” आत्या म्हणाली. “काढा ते बूट. चला.”

त्यांनी बूट काढले. टाचांना भेगा, भेगांत जुनं काळं तेल, अंगठ्याखाली पेडलने घडवलेला घट्टा. आजूबाजूचा पांढरा दगड पाहून ते पाऊल असं टाकत होते, जणू खाली कुणाचं तरी धुतलेलं वाळत घातलंय.

आत अंधुक होतं. एक वाटाड्या त्याच्या गटाला सांगत होता, “अशा मकबऱ्यांत, मशिदींत माणसं, प्राणी, पक्षी सहसा कोरत नाहीत. इथंही नाहीत, दुसरीकडेही शोधू नका. फुलं, वेली, अक्षरं आणि नक्षी.” आत्या माझा हात धरून ऐकत होती. मग तिने विचारलं, “खिडकी कुठल्या बाजूला?”

आतोबा भिंतींच्या कडेने निघाले. किल्ली हरवलेला माणूस घरभर फिरतो तसे फिरले. शेवटी पहारेकऱ्याजवळ गेले.

“जाळी?” पहारेकरी म्हणाला. “ती इथं नाही, आजोबा. ती दुसऱ्या शहरात. दिवसभराची वाट आहे.”

“पण निळा घुमट आणि जाळी...”

“निळा घुमट हा. जाळी तिकडे. पूर्वी आलायत ना तुम्ही इथं?”

आतोबा पुन्हा भिंतीकडे वळले. मीच विचारलं, “आतोबा, तुम्ही याआधी आत कधी आला होतात?”

“बस कोण सांभाळणार होतं?” ते म्हणाले.

एवढंच. त्या एवढ्यात आमच्या घरातली सगळी शहरं धडाधड कोसळली. प्रवासी आज हा घुमट पाहत, उद्या ती जाळी, आणि बसमध्ये दोन्हींची एकदमच चर्चा करत. नजर रस्त्यावर ठेवून कानांनी ऐकणाऱ्या माणसाने दोन शहरांतून एक इमारत बांधली होती आणि आयुष्यभर बायकोला तिच्यातून फिरवलं होतं.

आत्याने माझा हात सोडला आणि चाचपडत त्यांचं कोपर धरलं. “घुमट तरी दाखवा,” म्हणाली.

आतोबांनी मान वर केली. जन्मात पहिल्यांदा. बराच वेळ वर पाहिलं. बोलायला लागले की शेजारणींची कामं थांबवणारा हा माणूस एवढंच म्हणाला, “उंच आहे.”

सकाळी जाळीच्या शहराकडे निघायचं ठरलं. पण पहाटे आत्याचा डोळा ठणकू लागला, उलट्या सुरू झाल्या. जाळी राहिली, इस्पितळ पाहिलं. शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर ती म्हणाली, “धुरकट आहे, पण दिसतं.” किती दिसतं हे तिने कुणालाही नीट सांगितलं नाही. पुढच्या थंडीत जाऊ, असं ठरलं.

ते मधले महिने वाईट गेले. शर्ट येणं बंद झालं. आत्या रिळांचा डबा मांडीवर घेऊन रिळं रंगांप्रमाणे लावत बसायची, हिरव्यात काळं, पांढऱ्यात पिवळं. ती आत गेली की आतोबा ते हळूच नीट लावून ठेवत. शेजारणी म्हणत, “सांगा की एखादं शहर.” ते म्हणत, “विसरलो.” गाडी बंद केल्यावर इंजिन जसं थंड पडत जातं, तसं ते घर होत गेलं.

एकदा गच्चीत ते माझ्याशी बोलले. “माणसं बसमध्ये परत चढली, की पहिला थोडा वेळ खरं बोलतात. नंतर जेवणावर घसरतात. मी आरसा सारखा करून ऐकायचो.”

“पण कधी एकदा तरी जाऊन यायचं ना!”

“आधी नियम होता. मग सवय झाली. आणि बूट काढायला लागतात तिथं.” त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले. “असल्या जागी आपले पाय...”

“आणि पोपट? पोपटाचं कोण बोललं होतं?”

“कुणीच नाही,” आतोबा म्हणाले. “तुझी आत्या त्या दिवशी फार दमली होती. म्हणून घातला.”

थंडीत आम्ही जाळीच्या शहरात गेलो. या वेळी आतोबा माझ्या शेजारी बसले नाहीत. मागे, आत्याजवळ बसले. मी दोन वळणं मुद्दाम वाईट घेतली, तरी शब्द नाही. बूट त्यांनी न सांगता काढले.

जाळी होती. दगडाला खरोखरच कुणीतरी आयुष्यभर काजं करत बसलं होतं. सकाळचं ऊन तिच्यातून आत येऊन जमिनीवर पसरलं होतं, पाकळ्या पाकळ्यांनी. थोडी फुलं भिंतीवर चढली होती. मला सहसा थट्टा सुचायला वेळ लागत नाही. तिथे सुचली नाही. मी जाळी वरपासून खालपर्यंत पाहिली. वेली होत्या, तारे होते. पोपट नव्हता.

आत्या आतोबांच्या हातातून हात सोडवून दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. फुलं तिच्या डाव्या हाताला होती. ती उभी होती सावलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून.

“पडलीत हो फुलं,” ती म्हणाली. “सांगितलं होतंत तस्सं. कापडाचीच वाटते जाळी.”

आतोबा उजेडात उभे होते. त्यांच्या भेगाळलेल्या पावलांवर फुलं पडली होती. ते बायकोच्या पाठीकडे बघत होते.

“माणसं फुलांवरून चालतायत बघा,” आत्या म्हणाली. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मग जरा थांबून, भिंतीकडेच बघत, “आणि पोपटही आहे.”

निळ्या घुमटातल्या वाटाड्याचं बोलणं तिनेही ऐकलं होतं, माझ्याइतकंच. मी आतोबांकडे पाहिलं.

“आहे ना?” ते म्हणाले. “कुठं बघतोय?”

“उजवीकडे.”

“मग बरोबर,” आतोबा म्हणाले. पुढे जाऊन त्यांनी तिची शाल खांद्यावर सारखी केली आणि तिला जाळीकडे न वळवता दाराकडे वळवलं.

आम्ही गाडीत बसलो. मी गाडी सुरू केली आणि आरसा सारखा केला. पहिला थोडा वेळ माणसं खरं बोलतात, म्हणून कान देऊन राहिलो. वाहनतळ गेला, पंक्चरवाला गेला, मिनार मागे राहिले. आतोबा मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. आत्याने डोळे मिटले होते.

“गारवा होता हो आत,” ती म्हणाली. “तेवढं मात्र खरं सांगितलं होतंत.”